आळंदचा बाजार आणि सरकारी घोडा

गोव्यातून गाणगापूरला जाणारे दत्तभक्त पुष्कळ आहेत. त्यांतले काहीजण भीमा-अमरजा संगमावर स्नान करून, निर्गुण पादुकांचे दर्शन घेऊन पुढे कडगंचीलाही जातात. कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. गुरुचरित्रातल्या सायंदेवाचे हे गाव आणि त्याच्याच वंशातल्या सरस्वती गंगाधरांचेही. घरची भाषा कन्नड असलेल्या माणसाने मराठीत ग्रंथ लिहावा आणि तो पाच शतके आपल्या देवघरांतून वाचला जावा, हे सीमेवरच्या त्या मातीचेच वैशिष्ट्य म्हणायचे. आज कर्नाटकचे केंद्रीय विद्यापीठही याच कडगंचीला आहे.

या मातीचा आणखी एक इतिहास आहे, त्याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. तो आहे घोड्यांचा. कडगंचीचा तालुका आळंद. (ज्ञानदेवांची आळंदी नव्हे, ती पुण्याजवळची. हे आळंद कलबुर्गी जिल्ह्यातले.) आळंदला शेख अलाउद्दीन अन्सारी यांचा दर्गा आहे. लोक त्यांना लाडले मशायख म्हणतात. साडेपाचशे वर्षांपूर्वी या दर्ग्याच्या जत्रेत दख्खनमधला घोड्यांचा एक मोठा बाजार भरत होता आणि त्याची नोंद एका रशियन व्यापाऱ्याने करून ठेवली आहे.

त्याचे नाव अफानासी निकितीन. त्वेर नगरातला हा व्यापारी इराण, होर्मूज असा फिरत १४७०च्या आसपास चौलच्या बंदरात उतरला. बरोबर माल काय होता? एक घोडा! पुरता वयात आलेला, बीजाला योग्य असा नर घोडा. ज्याला जुनी मराठी ‘आंडील’ म्हणते, तो. हिंदुस्थानात घोड्याला सोन्याचे मोल येते, एवढे ऐकून बिचाऱ्याने सगळे भांडवल त्यात घातलेले. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन असे बजावले. खुरासानच्या एका मुसलमानाने मध्यस्थी केली आणि घोडा सुटला. पुढे निकितीन बहमनींच्या राजधानीत, बीदरला आला. वर्षभर घोड्याला पोसले आणि तिथेच विकून टाकला.

आळंदच्या जत्रेबद्दल तो लिहितो, की तिथे दहा दिवस बाजार भरतो, सगळ्या हिंदुस्थानातून व्यापारी येतात आणि वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला आणतात. आकडा ऐकीव असेल, फुगवलेलाही असेल. पण एवढे खरे, की त्या काळी कडगंचीच्या पंचक्रोशीतल्या माणसाला इराण-अरबस्तानचा घोडा डोळ्यांनी पाहण्यासाठी समुद्रापर्यंत जावे लागत नव्हते. तो घोडाच त्याच्या शिवारातून चालत जात होता.

निकितीनने आणखी एक विधान केले आहे. हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत, इथे बैल आणि म्हशी पैदा होतात, असे तो म्हणतो. घोड्यांना इथे चणे खायला घालतात, साखर-तेल घालून खिचडी शिजवून देतात, याचेही त्याला नवल वाटले. हे विधान नीट लक्षात ठेवायला हवे. कारण पुढची चारशे वर्षे राज्ये बदलली, तरी दख्खनच्या घोड्याकडे पाहण्याची राज्यकर्त्यांची नजर हीच राहिली. चांगला घोडा बाहेरून येतो, इथल्या मातीत तो होत नाही.

या समजुतीत आपल्या गोव्याचा वाटा मोठा आहे. निकितीन बीदरला असताना बहमनींचा वजीर होता महमूद गवान. मूळचा गिलानचा व्यापारी. त्यानेच १४७२मध्ये विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला. गोव्याचे बंदर हाती असणे म्हणजे होर्मूजहून येणारे घोडे आपल्याकडे वळवणे आणि शत्रूकडे जाऊ न देणे. विजयनगरलाही हे पक्के ठाऊक होते. पोर्तुगीज घोडेव्यापारी नुनीझ हा सोळाव्या शतकात विजयनगरला राहिला होता. त्याने लिहून ठेवले आहे, की राजा नरसिंह घोडे जिवंत असोत की मेलेले, पैसे मोजून घेई. हजार परदावांना तीन असा भाव होता आणि वाटेत समुद्रात घोडा मेला तर व्यापाऱ्याने त्याचे शेपूट आणून दाखवले तरी त्याची किंमत चुकती होई. मेलेल्या घोड्याच्या शेपटाला परदाव मोजणारा राजा किती गरजू असेल, याची कल्पना करावी!

१५१०मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतला, तेव्हा ही किल्ली पोर्तुगिजांच्या हाती गेली. विजापूर आणि विजयनगर, दोघांनाही घोडे हवे होते आणि दोघांनाही आशेवर ठेवणे पोर्तुगिजांच्या सोयीचे होते. १५४७मध्ये जुआंव द काश्त्रूने विजयनगरशी करार केला, त्यात गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरलाच मिळावेत, विजापूरला मिळू नयेत, असे कलम होते. आपण ‘सोन्याचे गोवे’ म्हणतो, त्या सोन्यात मसाल्याइतकाच घोड्यांच्या जकातीचाही पैसा होता. हे घोडे घाट चढून गेले आणि घाटावरच्या लढायांत मेले. आपल्याकडे घोडा उरला तो शिगम्यातल्या घोडेमोडणीत, लाकडाचा.

आता थोडा विचार करू. अरब आपल्या जातिवंत घोड्या सहसा विकत नसत. बाहेर जाई तो बहुधा नर. म्हणजे शतकानुशतके चौल, दाभोळ, गोव्याच्या बंदरांतून वर गेला तो मुख्यत्वे बाप. आई कुठली? आई इथलीच. खेड्यातली, ठेंगणी, कडब्यावर जगणारी, डोंगर चढणारी, दिवसाकाठी मैलोन्‌मैल चालणारी घोडी. तिची किंमत कोणी लिहून ठेवली नाही, कारण ती आळंदच्या बाजारातल्या श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी नव्हतीच. निकितीनलाही ती दिसली नसावी, किंवा दिसली तरी ती त्याच्या लेखी घोड्यात जमा नसावी. पण या आईच्या आणि त्या बापाच्या संकरातून भीमेच्या खोऱ्यात जे जनावर तयार झाले, ते म्हणजे भीमथडीचे तट्टू.

भीमथडी म्हणजे भीमेची थडी, भीमेचा काठ. भीमाशंकरला उगम पावून पंढरपूर, अफझलपूर, गाणगापूर करीत ही नदी रायचूरजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे कडगंची-आळंदचा मुलूख याच खोऱ्यातला. मराठ्यांची घोडदौड या तट्टांच्या पाठीवर झाली. मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. या शिलेदारीत एक मोठे अर्थशास्त्र दडलेले आहे. शिलेदाराचा घोडा बहुतेक वेळा त्याच्या घरच्या घोडीचे शिंगरू असे. घोडा तयार झाला की चाकरी मिळे, चाकरीतून पैसा येई, पैशातून पुन्हा घोडी पोसली जाई. पैदाशीचे खाते कोणी काढले नव्हते, पण पैदास चालू होती.

१८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि हे चक्र थांबले. फौजा मोडल्या, शिलेदार गावी परतले. ज्या घोडीच्या शिंगराला चाकरी नाही तिला हरभरा कशाला घालायचा? दख्खनचा घोडा खालावला, असे इंग्रज अधिकारी पुढे पुन्हापुन्हा लिहितात. पण तो खालावला कशाने, याचे उत्तर ते घोड्याच्या रक्तात शोधत बसले.

मग आला सरकारी घोडा. कंपनी सरकारने पुणे जिल्ह्यात, आजच्या शिरूर तालुक्यातल्या आलेगावला पैदाशीची पागा काढली. ती १८४२च्या सुमारास बंद केली, पण गावाच्या नावात ती आजही आहे. लोक त्या गावाला ‘आलेगाव पागा’च म्हणतात. पागा हा शब्द मूळ फारसी ‘पायगाह’ यावरून आलेला. गंमत अशी, की निजामाच्या राज्यातल्या ज्या सरदारांना फौजेच्या खर्चासाठी जहागिरी होत्या, त्यांना ‘पायगा’ म्हणत आणि आळंद-अफझलपूरकडचा मुलूख अशाच पायगा जहागिरींचा होता. एकच शब्द, पण पुण्याकडे तो गावाला चिकटला आणि कलबुर्गीकडे सरदारांना.

मोठ्या पागा ठेवून खर्च फार होतो आणि घोडे थोडे मिळतात, हे सरकारच्या ध्यानात आल्यावर नवी योजना निघाली. १८७६पासून हॅलन नावाच्या पशुवैद्य अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सरकारने विलायती आणि अरबी आंडील विकत घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवायला सुरुवात केली. शर्यतीच्या जातीचे, नॉरफोकचे दुडक्या चालीचे आणि अरबी. शेतकऱ्याने आपली घोडी आणावी, सरकारी माणसाने ती पाहावी, उंची-बांधा पसंत पडला तर तिच्यावर डाग द्यावा आणि मग सरकारी घोड्याकडून ती फुकट फळवून घ्यावी. गावातल्या बारक्या नरांना खच्ची करण्यावरही भर होता. प्रदर्शने भरवून चांगल्या शिंगरांना बक्षिसे दिली जात. १८९२मध्ये मुलकी पशुवैद्यक खाते निघाले, त्याच्याकडे हे काम होते. १९०३मध्ये ते फौजेच्या घोडेखरेदी खात्याकडे गेले. मुंबई इलाख्यात पुणे-नगरच्या पट्ट्यात ही योजना चालली. निजामाच्या मुलखात जनावरांचा मोठा बाजार खंडोबाच्या माळेगावचा. आज ते नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात आहे आणि मार्गशीर्षातल्या त्या यात्रेत घोडे अजूनही येतात.

फुकट मिळणारी गोष्ट शेतकऱ्याला नको का होती? इथे जरा सातासमुद्रापलीकडे पाहू या. त्याच काळात ऑस्ट्रेलियातल्या इंग्रज वसाहतीत दरवर्षी वसंत ऋतू आला, की गावोगावची वर्तमानपत्रे घोड्यांच्या जाहिरातींनी भरून जात. अमुक नावाचा घोडा, त्याचा बाप अमुक, आजा अमुक, रंग असा, उंची एवढी. सोमवारी या खानावळीपाशी, मंगळवारी त्या वाडीवर. एका घोडीचे इतके गिनी, मोतद्दाराचे वेगळे. हा घोडा सरकारी नसे. कोणा खाजगी माणसाचा असे आणि त्याला घेऊन मोतद्दार शेतोशेत हिंडे. शेतकरी खिशातले पैसे देऊन घोडी फळवून घेत. आणि आपल्याकडे सरकार फुकट देत होते, तरी योजना रुजत नव्हती!

कारण उघड आहे. तिकडे नांगराला घोडा, गाडीला घोडा, मेंढ्या हाकायलाही घोडा. चांगले शिंगरू झाले तर ते शेतातच कामाला येई आणि जास्तीचे असले तर फौजेला विकले जाई. न्यू साउथ वेल्समधून येणारे हे घोडे ‘वेलर’ नावाने हिंदुस्थानी फौजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून येऊ लागले आणि बघता बघता त्यांनी बाजार काबीज केला. आपल्याकडे नांगर बैलाचा, गाडी बैलाची, मोटही बैलाची. खिल्लार बैलावर शेतकऱ्याने जे कष्ट घेतले ते पाहावेत, म्हणजे जनावराची पैदास त्याला कळत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. घोडा त्याला हवा होता तो बाजारहाटाला, पाटीलकीच्या मानाला, ओझ्याला. त्यासाठी बारा-तेरा मुठींचे तट्टू पुरे होते. (घोड्याची उंची इंग्रज ज्या मापाने मोजत ते चार इंचांचे, म्हणजे साधारण आपल्या मुठीएवढे.) फौजेला हवा होता तो त्याहून निदान दोन मुठी उंच.

म्हणजे सरकार देत होते ते शेतकऱ्याला नव्हे, स्वतःलाच. घोडी शेतकऱ्याची, कडबा शेतकऱ्याचा, जोखीम शेतकऱ्याची. घोडी अकरा महिने गाभण. तिच्याकडून जड काम घेता येत नाही. मग शिंगरू तीन-चार वर्षे पोसायचे, कारण त्याआधी फौज ते घेत नाही. इतके करून खरेदीला आलेल्या साहेबाने माप लावले आणि अर्धा इंच कमी भरला, तर ते जनावर परत दारात. तट्टापेक्षा दीडपट खाणारे आणि तट्टाइतके काटक नसलेले. उंच बापाचे आणि ठेंगण्या आईचे शिंगरू अनेकदा पायांनी लांब आणि छातीने अरुंद निघते, ही तक्रार तर त्या काळच्या जाणकार अधिकाऱ्यांचीही होती. त्यात १८७६ ते १८७८चा आणि पुन्हा १८९९-१९००चा दुष्काळ. माणसांना भाकरी नाही तिथे घोडीला हरभरा कुठून येणार?

या योजनेतली सर्वांत मोठी गोम माझ्या मते वेगळीच आहे. साऱ्या हिशेबात मोजला जाई तो बाप. कोणता घोडा कुठे ठेवला, त्याची किंमत काय, त्याने किती घोड्या फळवल्या, याची वहीत नोंद होई. घोडीच्या वाट्याला फक्त एक डाग. उंची वाढवायची तर आधी आईचे पोट भरायला हवे, तिला चराई हवी, गायराने हवीत. महसुलाच्या वाढत्या ओझ्याखाली माळराने नांगराखाली जात होती आणि दुसरीकडे तेच सरकार उंच शिंगरू मागत होते. या दोन गोष्टी एका हाताने करता येत नाहीत.

शेवटी फौजेनेच निकाल लावला. निजामाच्या खर्चाने उभी राहिलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट ही फौज शिलेदारी पद्धतीवर चालत असे. १९०३मध्ये तिची पथके हिंदुस्थानी सैन्यात मिळवली गेली आणि त्यांतून ‘डेक्कन हॉर्स’ पलटण झाली. याच पलटणीच्या स्वारांनी १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडपाशी घोड्यांवरून हल्ला चढवला. पलटणीच्या नावात दख्खन होते, पण फौजेच्या घोडेखरेदीत तोवर ऑस्ट्रेलियाचाच वरचष्मा झालेला होता. पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत रद्द झाली. पुढे मोटार आली आणि फौजेच्या लेखी घोड्याचा प्रश्नच मिटला.

मग भीमथडीचे तट्टू संपले का? अनेक वर्षे तसेच समजले जात होते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ही जात नामशेष झाल्यासारखीच मानलेली आढळते. पण बारामती, इंदापूर, फलटणकडे मेंढ्यांचे कळप घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे धनगर ज्यांनी पाहिले असतील, त्यांना त्या कळपामागून चालणारी तट्टे आठवतील. पाठीवर सगळा संसार. पाल, भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी एखादे पोरही. करनालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिकी संस्थेने २०२३-२४च्या सुमारास भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. ती मिळाली धनगरांच्या या जनावरांच्या जोरावर.

याचा अर्थ मी असा लावतो. ज्या घोड्या सुधारायला म्हणून नेल्या त्यांच्या वंशाचा आज पत्ता नाही. ज्या कोणाच्या नजरेत भरल्या नाहीत, ज्यांना डाग मिळाला नाही, ज्या उंचीच्या मापात बसल्याच नाहीत, त्या धनगराच्या पालामागे चालत राहिल्या आणि जात टिकली. धनगराला घोडा विकायचा नव्हता, वापरायचा होता. वापर होता म्हणून निवड होती, निवड होती म्हणून गुण टिकले. कोणतीही पशुसुधारणेची योजना आखताना हे विसरून चालणार नाही. गायींच्या बाबतीत आपण गेल्या पन्नास वर्षांत तेच केले आहे. बाहेरचे बीज आणले, दुधाचा आकडा वाढवला आणि आपल्या डोंगराळ गोव्यातली बुटकी, काटक गावठी गाय उकिरड्यावर सोडून दिली. तिला ‘श्वेतकपिला’ या नावाने राष्ट्रीय नोंदीत जागा मिळाली ती अगदी अलीकडे.

भारतातल्या घोड्यांचा इतिहास आजवर बंदरांवरून लिहिला गेला. कुठून आला, कोणी आणला, किती परदाव पडले. ते लिहिणे सोपे आहे, कारण जकातीची वही असते, कराराचा कागद असतो, निकितीन-नुनीझसारखा लिहिणारा असतो. घोडीच्या बाजूने लिहायला बसले तर कागद सापडत नाही. तिथे नावे शोधावी लागतात. आलेगाव पागा, भीमथडी, पायगा, शिलेदार. शेतकऱ्याच्या बोलण्यात शोधावे लागते, धनगराच्या वाटेवर शोधावे लागते. पुढच्या वेळी गाणगापूरहून कडगंचीला जाताना आळंदचा फाटा दिसला, की त्या वीस हजार घोड्यांच्या बाजाराची आठवण अवश्य काढावी. आणि त्या बाजारात विकायला न आलेल्या, गावातच राहिलेल्या घोडीचीही.